उत्तर अमेरिकेतले झरे आणि ओढे: प्लॅनेरिया नेमका कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

ओढ्यात उतरायचं, पुलाखालचे दहा-वीस दगड उलथायचे, काही दिसलं नाही की वहीत 'प्लॅनेरिया नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. अमेरिका-कॅनडातल्या गोड्या पाण्याच्या पाहणीत अशा नोंदी सर्रास सापडतात आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात. दगडाखाली राहणारा हा छोटा चपटा कृमी तिथेच असतो. चुकतो तो क्रम: आधी पाय पाण्यात पडतात आणि गाळ उडतो, आमिष प्रवाहाच्या उलट्या अंगाला लागतं आणि तपासला जातो तो नेमका वाळूत रुतलेला दगड. खालचा क्रम झऱ्यांसाठी आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या ओढ्यांच्या पहिल्या शे-दोनशे मीटरांसाठी आहे. मोठ्या नद्यांना तो जसाच्या तसा लावू नका.

## १. घरी बसून: तापमानावरून जागा निवडा

झऱ्याचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाला असतं आणि हे तापमान बहुधा त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास येतं. मिशिगनमधल्या किच-इटी-किपीचं पाणी सुमारे ७ अंश सेल्सिअस, मिसुरीतल्या बिग स्प्रिंगचं सुमारे १४, तर फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्जचं आणि टेक्ससमधल्या कोमल स्प्रिंग्जचं सुमारे २३. अमेरिकी नकाशांवर आणि फलकांवर आकडा फॅरनहाइटमध्ये असतो. वहीत कोणतं एकक वापरणार ते आधी ठरवा, नाहीतर ४५ आणि ७ एकाच रकान्यात येऊन बसतात.

आकडा हाती आला की कोणाची अपेक्षा धरायची ते बरंचसं ठरतं.

- पूर्वेकडचे थंड झरे आणि त्यांचे ओढे: फॅगोकाटा. *फॅगोकाटा ग्रॅसिलिस* काळसर करडा, *फॅगोकाटा मॉर्गानी* पांढरा. थंड वाहत्या पाण्यात गडद रंगाचा, आखूड अंगाचा *क्युरा फोरमॅनी* सुद्धा.
- पश्चिमेकडे, रॉकी पर्वतातले थंड ओढे: *पॉलिसेलिस कोरोनाटा*. याच्या डोक्याच्या पुढच्या कडेने बारीक डोळ्यांची रांग असते.
- झऱ्यांवर पोसलेले ओढे, पाणी थोडं कोमट असलं तरी: *गिरार्डिया डोरोटोसेफाला*.
- तळी, संथ ओढे, उन्हाळ्यात तापणारं पाणी: *गिरार्डिया टायग्रिना*. जुन्या पुस्तकांत आणि शाळेच्या कपाटातल्या स्लाइडवर हाच 'डुगेसिया' नावाने सापडेल.
- वसंतात भरून उन्हाळ्यात आटणारी डबकी: *फॅगोकाटा व्हेलाटा*. पाणी तापायला लागलं की याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा चिकट कोशात बंद होतो. जुलैमध्ये जाऊन तो 'नाही' म्हणणं निरर्थक आहे.

नकाशात चुनखडीचा भाग दिसला तर तिथून सुरुवात करा. कठीण पाण्यात ॲम्फिपॉड आणि आयसोपॉड (झिंग्यांच्या जातकुळीतले बारीक प्राणी) मुबलक असतात आणि प्लॅनेरियाचं बरंचसं अन्न तेच. याउलट खाणींतून ॲसिडयुक्त पाणी उतरतं, दगडांवर नारिंगी थर बसतो, असा ओढा यादीतून सरळ काढून टाका.

तपासा: निवडलेल्या जागांत झऱ्याचं प्रत्यक्ष तोंड गाठता येईल अशी निदान एक जागा आहे का? सगळ्या जागा रस्त्यालगतच्या पुलांपाशी असतील तर यादी पुन्हा करा. झऱ्यांवरच्या जाती पुलापर्यंत उतरतातच असं नाही.

## २. परवानगी

हे काम शेवटी ठेवलं की सगळं अडतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत एक किडा उचलायलाही संशोधन-संकलनाचा परवाना लागतो. राज्य उद्यानांचे आणि राज्यांच्या वन्यजीव खात्यांचे नियम वेगवेगळे आहेत. पूर्वेकडचे कितीतरी झरे खासगी शेतांत असतात आणि काहींवर दगडी झराघरं बांधलेली असतात. तिथे मालकाची लेखी संमती घ्या. ईमेलवरचं एक वाक्यही पुरतं.

> इशारा: वर उदाहरणादाखल घेतलेल्या झऱ्यांवर जाऊन दगड उलथू नका. कोमल स्प्रिंग्जमध्ये कायद्याने संरक्षित प्राणी राहतात, त्यात दगडाखाली राहणारा एक बारीक भुंगेराही आहे. मिसुरीतल्या डेव्हिल्स आइसबॉक्स गुहेतला गुलाबी प्लॅनेरिया त्या एका गुहेखेरीज कुठेच माहीत नाही. गुहेत दिसलेला आंधळा, रंगहीन कृमी पाहायचा, परवानगी असेल तर फोटो घ्यायचा आणि तिथेच ठेवायचा.

## ३. सामान

- पांढरा उथळ ट्रे, साधारण ३० × २० सेंमी. खोल बादली चालत नाही.
- मऊ केसांचा रंगाचा ब्रश, ० किंवा १ नंबरचा. चिमटा घेऊ नका, कृमी फाटतो.
- रुंद तोंडाचा प्लास्टिक ड्रॉपर. तोंड अरुंद असेल तर टोक तिरकं कापून घ्या.
- ०.१ अंश दाखवणारा थर्मामीटर.
- १० पट भिंग, पांढऱ्या प्रकाशाचा हेडलॅम्प, काचेची छोटी बशी, मिलिमीटर कागदाचा प्लास्टिकमध्ये बंद केलेला तुकडा.
- ताजी कच्ची कलेजी आणि जाळीचा चहाचा गोळा किंवा जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा.
- रंगीत दोरी, झाकणाच्या बाटल्या, लहान कूलर.
- रबरी तळव्याचे बूट. नमद्याचा तळवा ओला राहतो आणि त्यातून परके जीव एका ओढ्यातून दुसऱ्यात जातात. मेरीलँडने २०११ मध्ये असे बूट घालून पाण्यात उतरायला बंदी केली. मिसुरीतही ट्राउटच्या पाण्यात असाच नियम आला.

कलेजी बीफचीच हवी असा पाठ्यपुस्तकी आग्रह असतो. कोंबडीची कलेजी तितकंच काम करते आणि कोणत्याही किराणा दुकानात मिळते. शिजवलेली मात्र नको. काम करतो तो कच्च्या मांसातून झिरपणारा रस.

## ४. पोचल्यावर: पाण्यात पाय घालण्याआधी

पहिली दहा मिनिटं काठावरच राहा. सगळ्यात जास्त नुकसान याच दहा मिनिटांत होतं, कारण हात शिवशिवत असतात.

१. झऱ्याचं तोंड शोधा. पाणी खडकातून धारेने निघतंय, तळाच्या वाळूतून उकळल्यासारखं वर येतंय, की चिखलातून पाझरतंय? तिन्ही जागी शोधण्याची पद्धत वेगळी आहे.
२. तोंडाशी तापमान घ्या. मग खाली ३० आणि १०० मीटरवर. उन्हाळ्यात आकडा खाली जाताना चढतो, कडक थंडीत उतरतो. जिथे तो एकदम बदलतो तिथे बहुधा दुसरं पाणी येऊन मिळालेलं असतं. ती जागा वहीत टिपा, कारण त्याच्या वर आणि खाली जाती बदललेल्या असू शकतात.
३. शोधण्याचे तीन पट्टे दोरीने आखा: तोंडापासून १० मीटरपर्यंत, ३० च्या आसपास, १०० च्या आसपास.
४. काठावरच्या गवताकडे आणि वेलींकडे बघा. पूर्वेकडे गोचीड आणि पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की खाज आणणारी वेल), दक्षिणेत पाणसाप. हात घालायचा तिथे आधी काठी घाला.

तपासा: पाणी अजून नितळ आहे ना? तुम्ही येण्याआधी गुरं किंवा पोहणारे उतरून गाळ उडाला असेल तर तासभर थांबा. निवळत नसेल तर दुसऱ्या दिवशी या.

## ५. आमिष: दगडांच्या आधी आणि वरच्या अंगाला

क्रम चुकण्याचं हे पहिलं ठिकाण. प्लॅनेरियाला अन्नाचा वास पाण्याबरोबर वाहत येतो आणि त्या वासामागे तो प्रवाहाविरुद्ध सरपटत वर जातो. म्हणजे ज्या दगडांखालचे कृमी हवेत, त्या दगडांच्या थोडं *वर* आमिष ठेवायचं. खालच्या बाजूला ठेवलं तर रस पुढे वाहून जातो आणि दगडाखालच्या प्राण्याला पत्ताच लागत नाही.

- कलेजीचा साधारण २ सेंमीचा तुकडा जाळीत बांधा. मोठा तुकडा लहान झऱ्याचं पाणी बिघडवतो आणि क्रेफिशला (नांग्या असलेला झिंग्यासारखा प्राणी) आमंत्रण देतो.
- सावलीत, मंद प्रवाहात, तळाला टेकलेला ठेवा. अधांतरी लोंबकळणाऱ्या जाळीवर कृमी चढू शकत नाही.
- वर हलका दगड ठेवा आणि दोरीचं दुसरं टोक काठाला बांधा.
- पहिल्यांदा २०-३० मिनिटांनी बघा, मग तासाने. जाळी हलक्या हाताने थेट ट्रेमध्ये उचला. पाण्यातून ओढत आणलीत तर निम्मे कृमी वाटेत सुटतात.

रात्रभर ठेवलेलं आमिष हा लोकप्रिय सल्ला आहे, पण झऱ्यावर तो क्वचितच फळतो. सकाळी रिकामी जाळी आणि एक समाधानी क्रेफिश मिळतो. अंधाराचा फायदा हवाच असेल तर सूर्यास्तानंतर दोन तास स्वतः तिथे थांबा. प्लॅनेरिया उजेड टाळतो आणि रात्री दगडाच्या वरच्या बाजूलाही येतो.

> इशारा: आमिषावर कोणी आलं नाही म्हणजे कोणी नाही, असं समजू नका. *प्रोकोटायला फ्लुव्हिॲटिलिस* हा पांढरा कृमी जिवंत ॲम्फिपॉड पकडून खातो, कलेजीला तो फारसा भुलत नाही. आमिष आणि दगड दोन्ही करावंच लागतं.

## ६. दगड: खालून वर, आणि कोणता दगड

आमिष लावून झालं की सगळ्यात खालच्या पट्ट्याच्याही खाली जा, तिथून पाण्यात उतरा आणि वर सरकत या. उलट केलंत तर तुमच्या पायांनी उडालेला गाळ अजून न पाहिलेल्या दगडांवर जाऊन बसतो.

योग्य दगड ओळखण्यावर सगळं अडलेलं आहे. तळहाताएवढा ते जेवणाच्या ताटाएवढा, खालून सपाट आणि दुसऱ्या दगडांवर *टेकलेला*. खाली बोट जाईल एवढी फट हवी आणि फटीतून पाणी खेळतं हवं. वाळूत रुतलेला दगड सोडा. उचलल्यावर खाली काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास आला तर तोही सोडा, तिथे ऑक्सिजन नाही. सरकत्या वाळूचा तळही निरुपयोगी. चांगल्या दगडाची खूण खालच्या बाजूलाच मिळते: पृष्ठभाग स्वच्छ, दोन-चार ॲम्फिपॉड आडवे पळताहेत, एखादं कॅडिसमाशीच्या अळीचं घर चिकटलेलं.

१. दगड सरळ वर उचला, फरफटवू नका. लगेच उलटा करून सावलीत धरा.
२. पाणी निथळू द्या आणि वीस-तीस सेकंद *काहीही करू नका*. दगड हलताच कृमी आकसतो. त्या क्षणी तो शेंबडाच्या ठिपक्यासारखा किंवा काळपट जेलीच्या थेंबासारखा दिसतो आणि बहुतेक जण त्याला घाण समजून दगड परत टाकतात. थोड्या वेळाने तोच ठिपका लांबतो, एक टोक त्रिकोणी होतं आणि तो पाय नसताना, वेटोळं न घालता, तेल ओघळावं तसा सरकू लागतो.
३. मग दगड ट्रेवर धरून त्याच झऱ्याच्या पाण्याने खालची बाजू धुवा. ट्रेमध्ये पाणी सेंटिमीटरभरच ठेवा.
४. ट्रे दोन मिनिटं सावलीत ठेवून पुन्हा बघा. पांढरे कृमी पांढऱ्या ट्रेत दिसत नाहीत, त्यांच्यासाठी ट्रेखाली काळा कागद सरकवा.
५. दगड होता तसा, होता तिथे, त्याच बाजूने ठेवा. उलटा टाकलेला दगड म्हणजे खालच्या सगळ्या वस्तीचं छप्पर उडवणं.

प्रत्येक पट्ट्यात वीस दगड धरून चाला. पहिल्या पाचांत काही नाही म्हणून पट्टा सोडू नका. हे कृमी एका दगडाखाली पंधरा आणि शेजारच्या सहांखाली शून्य, असे झुबक्यांनी राहतात.

### दगडच नसतील तर

चिखलाच्या पाझरात आणि वाळूच्या झऱ्यात दगड मिळत नाहीत, तरी प्लॅनेरिया असतो. अडकलेल्या पाल्याचा गठ्ठा घ्या, पण वरची कोरडी पानं नकोत. मधली, काळी पडलेली आणि एकमेकांना चिकटलेली पानं एकेक सोडवून ट्रेत धुवा. वॉटरक्रेस (पाण्यात वाढणारी पालेभाजी) असेल तर मुळांचा झुपका पाण्यातच हलवून त्याखाली ट्रे धरा, झाड उपटू नका. पाण्यात बुडालेल्या लाकडाची सुटी साल हीही चांगली जागा.

## ७. ओळख: जिवंत असतानाच

मेलेल्या प्लॅनेरियाचं डोकं गोळा होतं आणि ओळखीच्या निम्म्या खुणा जातात. म्हणून ओळख आणि फोटो ओढ्याकाठीच उरका.

आधी हा प्लॅनेरियाच आहे ना ते ठरवा. जळवेला वळ्या आणि दोन्ही टोकांना चोषक असतात, ती कमान करत चालते. बारीक, लालसर-नारिंगी, दोरीसारखा लांबणारा प्राणी बहुधा *प्रोस्टोमा*, तो वेगळ्याच संघातला. दगडाला नाण्यासारखी घट्ट चिकटलेली चकती ही वॉटर पेनी नावाच्या भुंग्याची अळी, उलटी केली की पाय दिसतात.

मग बशीत थोडं पाणी, खाली मिलिमीटर कागद आणि कृमी *सरकत असताना* बरोबर वरून फोटो. लांबीही सरकतानाच मोजायची, आकसलेला कृमी निम्म्याहून लहान दिसतो.

- डोकं त्रिकोणी, बाजूंना लांब टोकदार कान, दोन डोळे: *गिरार्डिया डोरोटोसेफाला*. कान आखूड आणि अंगावर तपकिरीत फिकट ठिपके असतील तर *गिरार्डिया टायग्रिना*.
- डोकं पुढून छाटल्यासारखं, डोळे जवळजवळ: फॅगोकाटा. काळसर मोठा कृमी असेल तर बशी उचलून पोटाकडून बघा. *ग्रॅसिलिस*ला आणि त्याच्या सख्ख्या *वूडवर्थी*ला एक नव्हे, अनेक ग्रसन्या (अन्न ओढून घेणाऱ्या नळ्या) असतात. त्या मधल्या फिकट पट्ट्यात गर्दीने दिसतात.
- पांढरा, दोन डोळे: *फॅगोकाटा मॉर्गानी* असू शकतो. पांढरा, पण दोन्ही बाजूंना डोळ्यांचे पुंजके आणि पुढच्या टोकाला चिकटण्याचा अवयव: *प्रोकोटायला*.

दगडाखाली मोहरीएवढे तपकिरी गोळे दिसले तर ते कृमीच्या अंड्यांचे कोश आहेत. देठावर उभे असतील तर गिरार्डिया किंवा क्युरा, देठाविना चिकटलेले असतील तर फॅगोकाटाच्या कुळातले. कृमी सापडला नाही तरी कोशाची नोंद पुरावा म्हणून चालते.

तपासा: जातीचं नाव लिहिण्याआधी थांबा. कितीतरी जातींची खात्री जननेंद्रियांचे पातळ काप (छेद) सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते आणि गिरार्डियाच्या पुष्कळ वस्त्या नुसत्या दुभंगून वाढतात, त्यांना ती इंद्रियंच नसतात. अशा वेळी 'गिरार्डिया, जात अनिश्चित' ही नोंद उत्तम. अंदाजाने लिहिलेलं जातीचं नाव पुढे दहा याद्यांत उतरतं आणि ते कोणी खोडत नाही.

## ८. घरी न्यायचेच असतील तर

परवान्यात बसतील तेवढेच घ्या, एका जागेतून पाच-सहा पुरतात. बाटली झऱ्याच्या पाण्याने अर्धीच भरा, वर हवा राहू द्या. ॲम्फिपॉड, पानं, आमिषाचे तुकडे बाटलीत नकोत. कूलरमध्ये बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये टॉवेल घाला. थेट बर्फाला टेकलेल्या बाटलीत कृमी गारठतात, आणि उन्हात तापलेल्या गाडीत थंड झऱ्याचे फॅगोकाटा दुपारपर्यंत विरघळून पांढरा चोथा होतात.

नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरिन उडतो, हा घरगुती उपाय इथे फसतो. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते तसं उडत नाही. एक कॅन झऱ्याचं पाणीच सोबत आणा.

डीएनएसाठी ठेवायचे असतील तर फोटो झाल्यावर ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, पहिलं कृमीच्या अंगच्या पाण्याने पातळ होतं. हेच नमुने पुढे छेदांना चालत नाहीत. छेदांसाठीचे वेगळे ठेवावे लागतात.

## ९. नोंद, विशेषतः शून्याची

सापडला तर नोंद सोपी असते. न सापडल्याची नोंद मात्र अशी हवी की पुढचा माणूस तिच्यावर भरवसा ठेवू शकेल: तिन्ही ठिकाणचं तापमान, तारीख आणि वेळ, प्रत्येक पट्ट्यात किती दगड, पाल्याचे किती गठ्ठे, आमिष किती वेळ आणि दगडांच्या वर की खाली, तळ कसा, गाळ होता का, ॲम्फिपॉड दिसले का. यातलं काही राहिलं असेल तर रकान्यात 'नाही' न लिहिता 'पाहणी अपुरी' लिहा. आणि ॲम्फिपॉड भरपूर, तळ स्वच्छ, पाणी थंड, तरी शून्य, असं आलं तर ती जागा दुसऱ्या ऋतूत पुन्हा बघायच्या यादीत टाका. झऱ्याचं तोंड सहसा गोठत नाही, जानेवारीतही काम होतं, आणि त्या वेळी गोचीड व पाणसाप दोन्ही नसतात.

## १०. निघण्याआधी

आमिषाच्या सगळ्या जाळ्या मोजून परत घ्या. उरलेले कृमी त्याच पट्ट्यात सोडा, वरच्या झऱ्यातले खालच्या ओढ्यात नाहीत आणि दुसऱ्या झऱ्यात तर मुळीच नाहीत. बूट, ट्रे, दोरी काठावरच घासून चिखल काढा. घरी सगळं पूर्ण वाळवा किंवा रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. न्यूझीलंड मडस्नेल ही चिमुकली गोगलगाय बुटाच्या लेसमध्ये ओलाव्यावर कितीतरी दिवस तग धरते. एका दिवसात दोन झरे करायचे असतील तर बुटांचे दोन जोड न्या.